मुक्कामाचा शिधा आणि रात्रीचे पाहुणे

पावसाळा सरून ओढ्यांचे पाणी निवळू लागले की शाळाशाळांतून गडावरच्या मुक्कामाचे बेत सुरू होतात. कोणी हरिश्चंद्रगडाच्या गुहेत राहायचे ठरवतात, कोणी दुसऱ्या एखाद्या गडाच्या माचीवर. बरोबर काय काय घ्यायचे याच्या याद्या होतात. तांदूळ किती, डाळ किती, कांदे-बटाटे किती, हे सारे कोणीतरी नीट लिहून काढतो. पण हा शिधा रात्री ठेवायचा कोठे, हा प्रश्न बहुधा कोणत्याच यादीत नसतो. तो अंधार पडल्यावर सुचतो आणि "राहू दे इथेच उशाशी" असे त्याचे उत्तर दिले जाते.

या उत्तरात दोन चुका आहेत. पहिली तुम्हांला भोवू शकते, दुसरी जनावराला. एक वेळचे पोहे उंदराने नेले म्हणून कोणी उपाशी मरत नाही. खाली गावात उतरले की चहा-भजी मिळतातच. म्हणून शिधा राखायचा तो केवळ भुकेच्या भीतीने नव्हे. मग कशासाठी, हे समजण्याकरिता आधी वासाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

वास पोहोचतो कसा?

स्वयंपाकघरात फोडणी पडली की ओटीवर बसलेल्या माणसाला समजते. याचा अर्थ, तेलातून आणि मोहरी-हिंगातून सुटलेले रेणू हवेतून प्रवास करीत ओटीपर्यंत आले आणि त्याच्या नाकात शिरले. वास म्हणजे पदार्थाचाच अतिसूक्ष्म अंश. ज्या पदार्थाचे रेणू सहज सुटून हवेत मिसळतात त्याचा वास दूर जातो. तापमान वाढले की रेणू अधिक वेगाने सुटतात. म्हणून गार पोह्यांपेक्षा गरम पोह्यांची वार्ता लवकर पसरते. कोरडे तांदूळ आणि डाळ यांचे रेणू फारसे सुटत नाहीत. तळलेले पदार्थ, पिकलेली केळी, गूळ, तूप यांचे सुटतात. सुकट किंवा बोंबील घेऊन गडावर जाणाऱ्याने तर सगळ्या रानाला आमंत्रण दिलेच असे समजावे.

नाकात वरच्या बाजूला एक पातळ अस्तर असते. त्यातील पेशींवर विशिष्ट प्रथिने असतात, त्यांना ग्राही म्हणू या. एका तऱ्हेचा ग्राही काही ठरावीक रेणूंनाच दाद देतो. या ग्राहींची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली शोधली आणि त्या कामाला २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की माणसात अशी कामाची जनुके सुमारे ४०० आहेत आणि उंदरात हजाराच्या घरात. म्हणजे वास ओळखण्याच्या परीक्षेत तुम्ही आणि उंदीर एका बाकावर बसलात तर पहिला नंबर कोणाचा, हे सांगायला नको.

त्यात आपल्या नाकाची आणखी एक खोड आहे. सतत येणारा वास ते काही मिनिटांतच सांगायचे थांबवते. अत्तराच्या दुकानात शिरताना वास भपकन येतो, पण आत बसलेल्या दुकानदाराला तो जाणवतही नाही. तंबूत शेव-चिवड्याची पुडी फोडणाऱ्या मुलाला म्हणूनच खुशाल वाटते, की "वास येत नाही." त्याला येत नाही एवढेच. टूथपेस्ट, सुवासिक साबण, डोक्याचे तेल, खोकल्याच्या गोड गोळ्या, यांनाही तोच नियम लागू आहे. जनावराच्या लेखी 'खाण्याचे' आणि 'न खाण्याचे' अशी विभागणी पाकिटावरच्या छापील अक्षरांवरून होत नाही. दाताने फोडून पाहिल्यावरच ती होते.

आता डोंगरावरचा वारा. सूर्य मावळला की जमीन उष्णता बाहेर टाकून गार होऊ लागते. तिला टेकलेली हवाही गार होते, जड होते आणि उतारावरून खाली घरंगळते. शांत, निरभ्र रात्री डोंगरउतारावर हा मंद झोत खालच्या दिशेने वाहतो. तुमच्या चुलीचा वास त्यामुळे वर आकाशात न जाता खालच्या रानात उतरतो आणि तिकडून वर येणाऱ्याला वाटाड्याचे काम करतो. म्हणून चूल आणि शिधा झोपण्याच्या जागेपासून दूर, शक्य तर उताराच्या खालच्या अंगाला असावा. साठ-सत्तर पावले तरी अंतर हवे. अशाने वासाच्या मागावर येणाऱ्याला वाटेत तुमची अंथरुणे लागत नाहीत. माचीवर जागाच नसेल तर निदान ज्या कोपऱ्यात स्वयंपाक केला तेथे झोपू नये.

रात्री येतो कोण?

सह्याद्रीतल्या मुक्कामात वाघ-अस्वलाची धास्ती घेणारे पुष्कळ भेटतात. उंदराची धास्ती घेणारा विरळा. खरे पाहता शिध्याचा पहिला शत्रू उंदीरच. गुहा, देवळे आणि पडके वाडे ही त्याची आवडती ठिकाणे, आणि माणसांचा मुक्काम वारंवार पडतो तेथे त्याची वस्ती वाढते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडून ते झिजवत राहणे त्याला भाग असते. या दातांच्या पुढच्या बाजूला कठीण दंतवल्क असते, मागे ते नसते. त्यामुळे मागची बाजू लवकर झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार राहते. अशा हत्यारापुढे कापडी पिशवी, प्लॅस्टिकची पिशवी आणि महागडी पाठपिशवी यांच्यात काही फरक नाही. उलट पाठपिशवीचे नुकसान अधिक, कारण आतल्या एका बिस्किटासाठी बाहेरून भोक पडते.

पण पिशवीचे भोक ही क्षुल्लक गोष्ट. उंदीर जमले की त्यांच्या मागे नाग, घोणस, धामण असे उंदरांवर जगणारे साप येतात. धामण बिनविषारी आहे, पहिले दोन नव्हेत. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात, ते वेगळेच. उशाशी चिवडा ठेवून जमिनीवर झोपणारा मुलगा म्हणजे या साखळीतली पहिली कडी स्वतःच्या कानाजवळ ठेवून झोपणारा मुलगा.

दुसरी साखळी कुत्र्यांची. खालच्या गावातली कुत्री सहलींच्या मागोमाग गड चढतात, कारण पोळीचा तुकडा मिळणार याची त्यांना खात्री असते. उरलेला भात मुलेही प्रेमाने त्यांच्यापुढे टाकतात. आता ही माहिती पाहा. हरिश्चंद्रगड ज्या अकोले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या विष्ठेत सापडलेले केस तपासून त्यांनी हिशेब मांडला. बिबट्याने खाल्लेल्या मांसात, वजनाने मोजता, सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. सुमारे ३९ टक्के. म्हणजे तुमच्या उरलेल्या भातावर कुत्रे जमते आणि कुत्र्यावर बिबट्याचे लक्ष असते. बिबट्या माणसाला टाळतो, हे खरे आहे. पण त्याचे भक्ष्य आपल्या तंबूच्या दोरीला बांधून ठेवण्याचे कारण काय?

याखेरीज रानडुक्कर, कोल्हा, उदमांजर, साळिंदर हे रात्री फिरणारे आहेतच. पुरून ठेवलेले खरकटे रानडुक्कर मुस्काटाने उकरून काढते, म्हणून 'खड्ड्यात पुरले की संपले' असे मानू नये. मुंग्यांचा विचार पुढे करू.

जनावराची शिकवणी

आता जनावराला भोवणारी चूक. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरे यांवर पुष्कळ प्रयोग केले. पेटीतली कळ दाबली की खाद्याची गोळी मिळते, हे उंदीर लवकर शिकतो. गोळी मिळणे बंद केले की काही वेळाने कळ दाबणेही सोडतो. पण ज्या उंदराला दर वेळी गोळी न मिळता अधूनमधूनच मिळत होती, तो मात्र गोळ्या बंद झाल्यावरही कितीतरी अधिक वेळ कळ दाबत राहतो. मिळेल, आता मिळेल, या आशेवर.

मुक्कामाच्या जागेवर नेमके हेच घडते. दहा सहली शिधा नीट ठेवतात, अकरावी विसरते. जनावराला अधूनमधून गोळी मिळत राहते, आणि अशी लागलेली सवय सुटता सुटत नाही. 'एकदाच दिले तर काय होते' याचे उत्तर स्किनरच्या पेटीत आहे.

येथे दोन गोष्टींत फरक करायला हवा. माणूस रोज दिसल्याने त्याला न बुजणारे जनावर 'सरावलेले' असते. माणूस म्हणजे खाणे, असा धडा गिरवलेले जनावर 'चटावलेले' असते. सरावलेले जनावर तुमच्याकडे दुर्लक्ष करते. चटावलेले जनावर तुमच्याकडे येते, आणि नाही मिळाले तर चिडते.

याचे सर्वांत नीट नोंदलेले उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचे आहे. तेथे काळी अस्वले आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उद्यानातला केरकचरा एका जागी टाकून, दिवे लावून, अस्वले तो खाताना प्रवाशांना दाखवीत असत. बाकडी मांडून लोक हा खेळ पाहत! तो पुढे बंद झाला, पण अस्वलांची शिकवणी बंद झाली नाही, कारण तंबूंतून आणि मोटारींतून खाणे मिळतच होते. १९९८ साली अस्वलांनी नासधूस केल्याच्या १५०० हून अधिक घटना तेथे नोंदल्या गेल्या. त्यांतल्या बहुसंख्य मोटारी फोडण्याच्या होत्या. अस्वल दाराच्या वरच्या कडेत नखे घालून दार पत्र्यासारखे खाली वाकवत असे. २००१ ते २००७ या काळातल्या नोंदींवरून संशोधकांनी असेही दाखवले, की अस्वले सगळ्या मोटारी सारख्याच फोडत नव्हती; कुटुंबे घेऊन फिरणाऱ्या मोठ्या, व्हॅनसारख्या गाड्या ती अधिक निवडत. अशा गाड्यांतून लहान मुले असतात आणि लहान मुले जेथे तेथे सांडलवंड, हे त्याचे एक कारण असावे असे संशोधकांना वाटले. आईच्या मागे फिरणारी पिल्लेही हा उद्योग शिकत.

आणि अशा अस्वलाचे पुढे होते काय? त्याला पकडून दूर सोडले तर ते परत येते किंवा नव्या जागी तोच उद्योग सुरू करते. फारच धीट झालेल्या, माणसांना धोका ठरलेल्या अस्वलाला शेवटी मारावे लागते. अस्वलाचा अपराध एवढाच, की आपण शिकवलेले ते शिकले.

आता थोडे सुरक्षित डब्यांविषयी. योसेमिटीत पूर्वी शिधा झाडाला टांगून ठेवीत. अस्वले दोरी चावून तोडू लागली, फांद्या मोडू लागली. ज्या बारीक फांदीवर आई चढू शकत नाही तीवर पिल्लू चढू लागले. तेव्हा टांगण्याचा उपाय रद्द करून जाड भिंतींचे, गुळगुळीत, पिंपासारखे गोल डबे सक्तीचे झाले. या डब्याला कोपरा नाही, कडा नाही. जबड्यात मावत नाही इतका तो रुंद असतो, आणि झाकण खटका दाबून किंवा नाण्याने फिरवून उघडावे लागते. मुक्कामाच्या तळांवर लोखंडी पेट्या बसवल्या. लोकांना नियम समजावले, न पाळणाऱ्यांना दंड केला. घटना ९० टक्क्यांहून अधिक कमी झाल्या. अस्वले तीच, जंगल तेच. फक्त गोळी मिळणे बंद झाले.

मात्र दुसऱ्या एका टोकाचे उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरातले आहे. तेथल्या एका अस्वलीच्या दोन्ही कानांना पिवळे बिल्ले होते म्हणून तिला 'यलो-यलो' म्हणत. एका प्रकारच्या डब्याचा खटका दाताने दाबून झाकण कसे फिरवायचे, हे तिने शोधून काढले. बनवणाऱ्यांनी दुसरा खटका वाढवला, तिने तोही सोडवला. २०१२ साली एका शिकाऱ्याच्या गोळीने ती मेली. एखादे जनावर किती शिकू शकते याची आपल्याला कल्पना नसते, हे त्या डब्याच्या कारखानदारांना तिने पुरते शिकवले.

शिंके

आपल्याकडे परत येऊ. विदर्भातल्या मेळघाट-ताडोबासारख्या जंगलांत आपली अस्वले आहेत, पण तेथे शाळेच्या सहलीने उघड्यावर तंबू ठोकायचाच नसतो. सह्याद्रीतल्या मुक्कामात बंदोबस्त करायचा तो मुख्यतः उंदीर, उदमांजर, कुत्री आणि डुकरे यांचा. त्यासाठी आपल्या आज्यांनी वापरलेले साधन पुरेसे आहे. ते म्हणजे शिंके. घराच्या तुळईला दोरीचे जाळे टांगून त्यात दह्यादुधाची मडकी ठेवीत. मांजर उडी मारून पोहोचत नसे, मुंगीला लांबचा फेरा पडे. 'शिंक्याचे तुटले, बोक्याचे पटले' ही म्हण त्यातूनच आली, आणि शिंके बांधताना तीच ध्यानात ठेवायची आहे. कारण रानातले शिंके तुटते ते चुकीच्या गणिताने.

समजा, तुमच्याकडे १० किलोग्रॅम शिध्याची एक थैली आहे. दोरी फांदीवरून टाकली, एका टोकाला थैली बांधली, दुसरे टोक खाली ओढून थैली वर चढवली आणि ते टोक सरळ खाली जमिनीलगत बांधून टाकले. फांदीवर भार किती? बहुतेक जण १० किलोग्रॅम म्हणतील. पण विचार करा. थैली दोरीला १० किलोग्रॅमने खाली ओढते. ती तोलून धरण्यासाठी दुसऱ्या बाजूनेही तेवढाच ताण हवा. फांदीला दोन्ही बाजूंची ओढ सोसावी लागते, म्हणजे भार जवळजवळ २० किलोग्रॅम! आता तोच शिधा पाच-पाच किलोग्रॅमच्या दोन थैल्यांत भरा आणि एकाच दोरीच्या दोन टोकांना बांधून फांदीच्या दोन्ही बाजूंना लोंबत ठेवा. थैल्या एकमेकींना तोलतात आणि फांदीवर भार पडतो फक्त १० किलोग्रॅम. शिवाय चावून तोडायला खाली बांधलेली दोरीच नाही. सकाळी लांब काठीने एक थैली वर ढकलली की दुसरी खाली येते.

फांदी मोडेल की नाही हे केवळ भारावर नव्हे, तर खोडापासूनच्या अंतरावरही ठरते. हे बलाचे आघूर्ण. खोडापासून २ मीटरवर टांगलेले १० किलोग्रॅम आणि १ मीटरवर टांगलेले २० किलोग्रॅम, दोन्ही फांदीला बुडाशी सारखेच वाकवतात. म्हणून खोडापासून दूर टांगायचे, पण फांदी मनगटापेक्षा जाड आणि जिवंत बघून. थैली जमिनीपासून सुमारे ४ मीटर, खोडापासून २ मीटर आणि फांदीपासून दीडेक मीटर खाली असावी. एवढ्याने कुत्रे, कोल्हा आणि डुक्कर निकालात निघतात.

उंदीर मात्र दोरीवरून सहज उतरतो. यावर उपाय बंदरातल्या जहाजांकडून घ्या. जहाज धक्क्याला बांधलेल्या दोरखंडावर पत्र्याची मोठी गोल तबकडी बसवलेली असते. दोरीवरून येणारा उंदीर तबकडीपाशी अडतो, कारण गुळगुळीत पत्र्याच्या कडेला वळसा घालायला नखे रोवता येत नाहीत. तेलाच्या डब्याचा पत्रा गोल कापून मधोमध भोक पाडा, कडा आतल्या बाजूला वळवून घ्या आणि थैलीच्या वर दोरीत ओवा. खाली घसरू नये म्हणून तिच्याखाली दोरीला गाठ मारा. पत्रा कापताना हातमोजे घालावेत, हे वेगळे सांगत नाही.

झाड नसेल तर? पुष्कळ गडमाथ्यांवर टांगण्याजोगे झाडच नसते. अशा वेळी स्टीलचा, घट्ट झाकणाचा आणि झाकणावर कडी अडकवण्याचा डबा घ्यावा. दूधवाल्याची बरणी असते तसा. उंदराच्या दाताला स्टील दाद देत नाही, आणि झाकण घट्ट बसले तर वासही कमी निसटतो. डबा दगडांच्या बेचक्यात, वर जड धोंडा ठेवून बसवला की कुत्र्या-डुकरांना तो लोळवता येत नाही. माझ्या मते शाळेने दोन मोठे कडीचे डबे एकदाच घेऊन ठेवावेत. रंगीत तंबूंवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने तो काहीच नाही. साबण-टूथपेस्टही त्याच डब्यात जाऊ द्या, मात्र वेगळ्या डबीत. नाहीतर सकाळचे पोहे दंतमंजनाच्या चवीचे होतील.

मुंग्यांसाठी आजीचाच दुसरा उपाय. परातीत पाणी घालून मधोमध डबा ठेवायचा. मुंगीला एकदा गूळ सापडला की परतताना ती जमिनीवर एका रसायनाची रेघ ओढत जाते, आणि त्या रेघेवरून बाकीच्या येतात. पाण्यावर रेघ टिकत नाही. कधी कधी हलकी मुंगी पाण्याच्या पृष्ठताणावर तरंगत पैलतीर गाठते. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले की पृष्ठताण घटतो आणि तीही वाट बंद होते.

दिवसाचे चोर

वर सांगितलेले सगळे रात्रीचे. दिवस उजाडला की पहारा बदलतो आणि माकडे येतात. त्यांच्यापुढे शिंक्याचा काही उपयोग नाही. तुमच्याआधी तीच ते सोडवतील. लालतोंड्या माकडाच्या गालात पिशव्या असतात. मिळेल ते त्यात कोंबून ते पळते आणि सवडीने खाते. काळतोंड्या वानराला अशा पिशव्या नसतात. त्याचे पोट कप्प्याकप्प्यांचे असून त्यात राहणारे सूक्ष्मजीव पाने आंबवून पचवतात. त्याला बिस्किटे आणि गोड खाऊ दिला तर तो झपाट्याने आंबून पोटातली आम्लता वाढते. वानराला केळे-बिस्किट देणे पुण्याचे वाटते खरे, पण पानांसाठी घडलेल्या पोटाला ती शिक्षा आहे.

माकडांची टोळी असेल तेथे हातात पिशवी मिरवू नका. सगळे पाठपिशवीच्या आत, साखळी लावून. खायला बसायचे तर एकत्र, आणि एकाने उभे राहून लक्ष ठेवायचे. माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहू नका, त्याला ती धमकी वाटते. एवढे करून त्याने काही हिसकावलेच तर ओढाओढी न करता सोडून द्या. माकडाचा किंवा कुत्र्याचा दात अगर नख लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर वाचण्याची आशा जवळजवळ नसते. लस मात्र वेळेवर घेतली तर रोग टळतो. शिक्षकांनी हा मुद्दा निघण्यापूर्वीच वर्गात सांगावा.

खरकट्याविषयी थोडेसे. सर्वांत चांगला उपाय म्हणजे ते उरू न देणे. खिचडीसाठी तांदूळ-डाळ मिळून माणशी दीडशे ग्रॅम धरले तर चढून आलेल्या मुलाचे पोट भरते आणि पातेले रिकामे होते. उत्साहाच्या भरात दुप्पट शिजवणारा बल्लवाचार्य प्रत्येक सहलीत एक असतोच. त्याच्या हातून माप काढून घ्यावे. भांडी घासलेले पाणी गाळून घ्या, गाळ कोरड्या कचऱ्यासह डब्यात भरून खाली आणा. संत्र्याची सालेसुद्धा. ती 'नैसर्गिक' असली तरी गडावर आपोआप उगवलेली नाहीत. आणि निघण्यापूर्वी, गडावर रात्री राहायला परवानगी आहे की नाही हे वनखात्याकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि मुक्कामाची मुभा सगळीकडे नसते.

करून पाहा

कोणते वेष्टन वास अडवते, हे सहलीला जाण्याआधी शाळेच्या व्हरांड्यातच तपासता येईल. भाजलेल्या शेंगदाण्यांचे चार सारखे वाटे करा. एक कागदात, दुसरा कापडात, तिसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि चौथा कडीच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. पाचवा डबा तसाच, पण स्वच्छ धुतलेला आणि रिकामा घ्या. पाचही वस्तू भिंतीपासून सारख्या अंतरावर, एकमेकींपासून दोन-दोन मीटरवर मांडा. प्रत्येकीवर बारीक तारेच्या जाळीची टोपली पालथी घालून वर दगड ठेवा, म्हणजे येणाऱ्याला वास मिळेल पण दाणा मिळणार नाही. शिकवणी आपल्याला द्यायची नाही ना! भोवती हातभर रुंदीचा राखेचा पातळ थर चाळणीने पसरा.

सकाळी ठसे मोजा. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटे उमटतात, मागच्याला पाच. मांजराच्या ठशात नखे दिसत नाहीत, कुत्र्याच्या ठशात दिसतात. हा प्रयोग पाच रात्री करा आणि दर रात्री वस्तूंच्या जागा बदला, कारण उंदराच्या ये-जा करण्याच्या वाटा ठरलेल्या असतात आणि एखादी वस्तू नेमकी त्याच्या वाटेवर आली तर तिच्याभोवती उगाच गर्दी दिसेल. नोंदी तक्त्यात मांडताना रिकाम्या डब्याभोवतीचे ठसे आधी पाहा. तेवढे ठसे वासाशिवायच पडले आहेत. बाकीच्या चार आकड्यांतून ते वजा करूनच कागद, कापड, प्लॅस्टिक आणि स्टील यांची तुलना करा.